सत्तर पानांचा ताळा

१

जुनी नाणी जमविणाऱ्यांच्या जगात एक आडवाट आहे. राजामहाराजांच्या मोहरा सोडून काही संग्राहक मळ्यांतले, बंदरांतले आणि वखारींतले कामाचे बिल्ले गोळा करतात. कॅरिबियन समुद्राकाठच्या फळांच्या व्यापारातील बिल्ल्यांना या मंडळींत विशेष मान आहे. जमैका बेटावरून केळी अमेरिकेला पाठविण्याचा व्यापार १८७० च्या सुमारास लोरेंझो डाऊ बेकर नावाच्या एका जहाज-कप्तानाने सुरू केला. पुढे १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी स्थापन झाली आणि त्या किनाऱ्यावरील कित्येक देशांचे अर्थकारण तिच्या मुठीत गेले. बंदरावर केळीचा घड डोक्यावर घेऊन बोटीवर चढविण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करीत. दर घडामागे त्यांच्या हातावर एक बिल्ला पडे आणि काम संपल्यावर जितके बिल्ले तितकी मजुरी मिळे. घडाला नऊ फण्या असल्या तर तो पूर्ण घड; त्याहून कमी असल्या तर तो हिशेबात अपुरा धरला जाई. हॅरी बेलाफाँटेने १९५६ मध्ये जगभर पोहोचविलेल्या गाण्यात रात्रभर राबलेला हमाल ज्या मोजणाऱ्याला हाक घालतो, तो मोजणारा हाच.

हे बिल्ले आज लिलावात विकले जातात, त्यांच्या सूची छापल्या जातात. एका गोष्टीचा विचार मात्र त्या सूचींत क्वचितच आढळतो. कामाचा बिल्ला मजुरी घेताना परत करावयाचा असतो. तेव्हा संग्राहकाच्या पेटीत पोहोचलेला बिल्ला एक तर मालकाच्या अडगळीतून आलेला असणार, किंवा तो कुणाच्या तरी हातात तसाच राहून गेलेला असणार. दुसऱ्या प्रकारच्या बिल्ल्याचा अर्थ असा, की घड वाहिला गेला आणि त्याची मजुरी मिळायची राहिली. संग्रहातील दोन बिल्ले शेजारी ठेवले तर यांतला कोणता कोणत्या प्रकारचा, हे ओळखता येत नाही.

या आडवाटेची आठवण आम्हांस झाली ती चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात. १९८२ पर्यंत हा एकच चंद्रपूर जिल्हा होता. येथे केळीचे मळे नाहीत आणि बंदरही नाही. परंतु जंगलातून एक वस्तू दरवर्षी मोजून, बांधून बाहेर जाते आणि तिच्या मोजणीवर लाखो हातांची मजुरी ठरते. ती वस्तू म्हणजे तेंदूचे पान. त्या पानाच्या मोजणीची जी साधने मजुराच्या हाती पडली त्यांचे काय झाले, ती कुणी जमविली काय, आणि जमवावयाची तर कशी, असा हा प्रश्न आहे. आमच्या मते तो इतिहासाइतकाच साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे. कारण ही साधने वाचावयाची असतात.

२

इंग्रजीत या मोजणीच्या खुणेस जो शब्द आहे, तो मूळ लॅटिनमधील काठीवाचक शब्दापासून आलेला आहे. मध्ययुगीन इंग्लंडच्या खजिन्यात देण्याघेण्याचा हिशेब काठीवर खाचा पाडून ठेवीत आणि मग ती काठी उभी चिरीत. एक अर्धुक देणाऱ्याकडे, दुसरे घेणाऱ्याकडे. वाद निघाला की दोन्ही अर्धुके जुळवून पाहावयाची. खाचा जुळल्या तर हिशेब खरा. दोघांपैकी कुणालाही एकट्याने खाच वाढविता येत नसे. १८२६ मध्ये ही पद्धत बंद झाली आणि १८३४ च्या ऑक्टोबरमध्ये साठलेल्या जुन्या काठ्या भट्टीत जाळताना आग भडकून तेथील संसदेची इमारतच भस्मसात झाली. हिशेबाची जुनी साधने निरुपयोगी समजून नष्ट करणे किती महाग पडते, याचे इतके शब्दशः उदाहरण दुसरे नसावे.

मराठीत 'ताळा' हा शब्द आहे. गणित बरोबर आले की नाही हे पडताळून पाहणे म्हणजे ताळा पाहणे. त्यावरूनच ताळेबंद आणि ताळमेळ. इंग्रजी शब्दाशी याचे साम्य केवळ ध्वनीचे आहे. पण अर्थाच्या अंगाने आमचा शब्द नेमका त्या चिरलेल्या काठीपाशी येतो. ताळ्याला दोन बाजू लागतात. एकाच बाजूचा आकडा असेल तर ते विधान झाले, ताळा नव्हे.

हा मुद्दा येथेच स्पष्ट करून ठेवतो, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. श्रमाचा इतिहास लिहिताना आपल्या हाती बहुधा एकच अर्धुक असते. ते सरकारच्या, कंपनीच्या किंवा ठेकेदाराच्या दप्तरात सापडते. मजुराकडचे अर्धुक कोठे गेले, असा प्रश्नही आपण सहसा विचारीत नाही.

३

महाराष्ट्राला कागद जमविण्याची मोठी परंपरा आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या रद्दीतून दप्तरे वाचविली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गाव-गाडा' लिहून कुणब्याचा, बलुतेदाराचा आणि फिरस्त्यांचा हिशेब मांडला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तर प्राचीन आहत नाण्यांवरील चिन्हांबरोबर त्यांचे वजनही तपासले. हजारो नाणी तोलून, त्यांची झीज किती झाली यावरून ती किती काळ हातोहात फिरली असतील याचा अंदाज बांधला. वस्तू ज्या हातांनी वापरली त्या हातांचा माग वस्तूच्या झिजेत उरतो, ही त्यामागील दृष्टी.

या परंपरेत एक उणीव राहिली, असे आम्हांस वाटते. राजवाड्यांना सापडलेली दप्तरे ही लिहिणाऱ्यांची दप्तरे होती. ज्यांच्या घरी दप्तरच नव्हते, त्यांचे साधन शोधावयाचे कोठे? 'गाव-गाडा'तील धान्याच्या राशीपाशी उभ्या असलेल्या माणसाला आपला वाटा ठाऊक असे, पण तो त्याच्या स्मरणात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणी, गिरण्या, जंगलठेके आले आणि अक्षर न येणाऱ्या माणसाच्या हातातही एक लिहिलेली वस्तू पडू लागली. कधी पितळेचा बिल्ला, कधी कागदाचा चतकोर. आपल्या श्रमाविषयीचा पहिला लेख त्याला मिळाला तो असा. तो त्याला वाचता येत नसे. मात्र तो जपून ठेवावा लागतो, एवढे पक्के कळत असे.

४

तेंदूचा हंगाम ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे तपशील द्यावयास हवेत. तेंदू म्हणजेच टेंभुर्णी. याचे पान विडी वळण्यासाठी वापरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी होते, तिला या भागात खुटकटाई म्हणतात. त्यानंतर फुटणारी कोवळी पाने एप्रिलच्या अखेरीपासून पुढे मे महिन्यात तोडतात. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. घरातील माणसे पहाटे अंधारात निघतात, ऊन चढेपर्यंत पाने तोडून परत येतात आणि दुपारभर घराच्या सावलीत बसून पुडे बांधतात. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने धरतात. १०० पुडे म्हणजे शेकडा, आणि मजुरीचा दर शेकड्यावर असतो. १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पाने. सीमेपलीकडे छत्तीसगडात पुडा ५० पानांचा आहे. कोरचीच्या बाजूला जंगल तेच, झाड तेच, नातीगोतीही तीच. पण राज्य बदलले की पुड्यातील पाने वीसने कमी होतात.

संध्याकाळी पुडे संकलन केंद्रावर जातात. त्याला कोठे फळी म्हणतात, कोठे फडी. तेथे मोकळ्या जागेवर पुडे रांगेने मांडतात, मुंशी रांगा मोजतो, वहीत आकडा लिहितो आणि मजुराच्या कार्डावर तोच आकडा चढवितो. पुडे उन्हात वाळतात, पलटविले जातात, मग पाणी शिंपडून बोदांत भरून गोदामाकडे रवाना होतात. तेथून पुढे त्यांचा प्रवास सिन्नर, सोलापूर, निपाणी आणि परराज्यांतील विडीकारखान्यांकडे. तेथेही मोजणी संपत नाही. विडी कामगार स्त्रीच्या हजार विड्यांतून किती बाद ठरवावयाच्या, हा वाद १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यालाही दखल घ्यावा लागला इतका जुना आहे. एकच पान जंगलात पुड्यात मोजले जाते आणि कारखान्यात विडीत. दोन्ही ठिकाणी राबणारी बहुधा स्त्री असते आणि मोजणारा दुसराच कुणी.

या व्यापारावर १९६९ च्या महाराष्ट्र वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियमाने राज्याची मक्तेदारी आणली. मध्य प्रदेशाने तसा कायदा १९६४ मध्येच केला होता. जंगलाचे घटक पाडावयाचे, प्रत्येक घटकाचा लिलाव करावयाचा आणि दर सरकारने ठरवावयाचे, अशी व्यवस्था. दर कागदावर ठरला तरी मोजणी फळीवरच होत असे. शेकड्यामागे काही पुडे 'वरचे' म्हणून मागणे, पाने बारीक किंवा डागी म्हणून पुडे बाजूला काढणे, या तक्रारी तेंदूच्या साऱ्या प्रदेशात ऐकू येतात. १९८० नंतर आंध्रातून गडचिरोलीच्या जंगलात आलेल्या नक्षलवादी दलमांनी प्रथम हाती घेतलेल्या प्रश्नांत तेंदूच्या दराचा प्रश्न होता, हे बहुतेक सर्व अभ्यासक मान्य करतात. त्याच व्यापारातून त्यांनी ठेकेदारांकडून खंडणीही वसूल केली, हेही तितकेच खरे. पुड्यांच्या आकड्याला अशा रीतीने मुंशी व सरकार यांच्याखेरीज एक तिसरा, बंदूकधारी वाचक मिळाला. पाने तोडणाऱ्यांनी तो आकडा स्वतः वाचण्याची वेळ अजून यावयाची होती.

५

आता प्रत्यक्ष कार्डाकडे वळू. जाड कागदाची एक घडी. वर नाव, गाव, केंद्र. खाली रकाने: तारीख, पुडे, सही. हंगाम संपतो तेव्हा घडीवर कागद फाटलेला असतो, बोटांच्या ठिकाणी पानांचा चीक आणि घाम यांचा काळपट डाग असतो. आम्ही पाहिलेल्या अशा कार्डांपैकी एकावर मधल्या चार तारखा कोऱ्या होत्या. ते दिवस पावसाचे होते, की आजारपणाचे, की घरात लग्न होते, हे कार्ड सांगत नाही. घरातील म्हातारीला विचारले तेव्हा तिने क्षणभरही न थांबता उत्तर दिले, "गारा पडल्या होत्या नं बापा." कार्डाची दुसरी बाजू तिच्याकडे होती.

साहित्याच्या विद्यार्थ्याने अशा लेखाकडे तीन अंगांनी पाहावे, असे आम्ही सुचवितो.

पहिले अंग हस्ताक्षराचे. कार्ड मजुराचे असले तरी त्यावरील एकही अक्षर बहुधा त्याचे नसते. मुंशी लिहितो, मजूर बाळगतो. आत्मचरित्राच्या नेमकी उलट अशी ही रचना आहे: विषय एकाचा, लेखणी दुसऱ्याची आणि ताबा पुन्हा पहिल्याचा. दलित व ग्रामीण आत्मकथनांची चर्चा करताना 'कोण बोलतो' हा प्रश्न आपण वारंवार विचारला. येथे 'कोण लिहितो आणि कोण जपतो' असा प्रश्न विचारावा लागेल.

दुसरे अंग भाषेचे. फळीवर मोजणी तोंडाने चालते ती माडियात, गोंडीत, झाडीबोलीत, सिरोंच्याकडे तेलुगूत. कागदावर मात्र ती प्रमाण मराठीच्या आकड्यांत उतरते. या एवढ्याशा भाषांतरात तकरारीला जागा उरत नाही. 'पाने चांगली होती, तरी पाच पुडे काढून टाकले' हे वाक्य बोलीत उच्चारले जाते आणि रकान्यात फक्त त्यांच्याविना उरलेला आकडा येतो.

तिसरे अंग नावाचे. कार्ड बहुधा कुटुंबप्रमुखाच्या नावे असते. पहाटे जंगलात जाणारी, दुपारी पुडे बांधणारी, संध्याकाळी डोक्यावर ओझे घेऊन फळीवर येणारी स्त्री त्या कार्डावर कोठेच नसते. तिच्याबरोबर पाने लावायला बसलेली मुले तर नसतातच. तेव्हा हे अर्धुक मजुराचे आहे असे आपण म्हणतो तेव्हाही ते घरातल्या एकाचेच असते.

६

याच जिल्ह्यात मोजणीची दुसरीही एक रीत आहे. ती शेजारी ठेवली म्हणजे तेंदूच्या कार्डाचे वैशिष्ट्य उठून दिसते. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात, बल्लारपूरपासून घुग्घुसपर्यंत, खाणकामाला शतकाहून अधिक काळ लोटला आहे. कोळशाच्या भूमिगत खाणींत उतरणाऱ्या कामगाराला क्रमांकाचा धातूचा बिल्ला देण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती. बिल्ला दिवाघरात द्यावयाचा, दिवा घ्यावयाचा, खाली उतरावयाचे. पाळी संपली की दिवा परत आणि बिल्ला आपल्या हाती. पाळी संपल्यावर एखादा बिल्ला फळ्यावर तसाच लटकलेला दिसला, की कुणी तरी अजून खालीच आहे हे कळे.

खाणीतला बिल्ला माणूस मोजतो. तेंदूचे कार्ड पाने मोजते. हा फरक साधा नाही. पहाटे जंगलात कोण गेले याची नोंद कार्ड करीत नाही. संध्याकाळी फळीवर पुडा आला तरच माणूस आला. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. चंद्रपूर जिल्ह्यात जवळपास प्रत्येक तेंदूहंगामात अशा बातम्या येतात. त्या दिवसाचा कार्डावरील रकाना कोरा राहतो. गारा पडल्या त्या दिवसाचा रकाना आणि हा रकाना, दोन्ही दिसावयास सारखेच.

मोजणीच्या कागदात मृत्यू उमटत नाही, ही तक्रार कॅरिबियन किनाऱ्यालाही परिचित आहे. कोलंबियातील सिएनागा येथे डिसेंबर १९२८ मध्ये केळीच्या मळ्यांतील संपकऱ्यांवर सैन्याने गोळीबार केला. त्या कामगारांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती, की मजुरी कंपनीच्या दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांत नको, रोख द्या. किती माणसे मेली याचा आकडा आजही वादग्रस्त आहे. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी १९६७ च्या आपल्या कादंबरीत तो तीन हजार केला आणि पुढे कित्येकांनी तोच इतिहासाचा आकडा मानला. जी कंपनी घडाच्या फण्या एकेक करून मोजीत होती तिच्या मुलखात मेलेली माणसे कुणी मोजली नाहीत, आणि ती उणीव शेवटी एका कादंबरीकाराला भरावी लागली. दप्तर गप्प बसते तेथे साहित्य बोलते, असे म्हणून आपण समाधान मानू शकतो. पण कादंबरीतला आकडा नुकसानभरपाईच्या अर्जाला जोडता येत नाही. ज्यांना तो जोडावयाचा असतो त्यांना कागदच लागतो.

७

गेल्या काही वर्षांत गडचिरोलीत जे घडले त्याचे महत्त्व या दृष्टीने पाहावे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे असल्याचे म्हटले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आणि तेंदू यांचा नावानिशी समावेश केला. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) आणि तिच्याबरोबर मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला. मेंढ्याचे क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर. २०११ च्या एप्रिलमध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक मिळाले, तेव्हा केंद्रीय मंत्री गावात आले होते. तेथे गावाच्या हाती जे आले ते एक पावतीपुस्तकच होते. त्याचे पान फाडण्याचा अधिकार आता ग्रामसभेचा होता, आणि फाडलेल्या पानाची स्थळप्रत गावात राहणार होती.

२०१३ पासून गडचिरोली आणि गोंदिया जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी तेंदूची विक्री स्वतः करावयास सुरुवात केली. २०१४ मध्ये महाराष्ट्राचे पेसा नियम आल्यावर त्यांची संख्या वाढत गेली. लिलावाची जाहिरात, निविदा, करारनामा, मजुरीचे वाटप, सारे ग्रामसभेच्या ठरावाने. अर्थात हे सर्व सुरळीत झाले असे नव्हे. २०१७ मध्ये दर विक्रमी चढले आणि २०१८ मध्ये कोसळले. मधल्या काळात, जुलै २०१७ पासून, तेंदूपानांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला होता. पण या खटाटोपात एक गोष्ट घडली ती ताळ्याच्या दृष्टीने मोठी आहे. फळीवरची वही गावात राहू लागली. पुडे मोजणारा मुंशी पुष्कळ ठिकाणी गावातलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी असते. काठीचे दुसरे अर्धुक प्रथमच गावाच्या ताब्यात आले.

आणि जुन्या कार्डांनाही नवा अर्थ आला. शासनाकडे जमा झालेल्या स्वामित्व शुल्कातून तेंदू मजुरांना जी प्रोत्साहनार्थ मजुरी, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'बोनस', दिली जाई, ती कार्डावरील पुड्यांच्या प्रमाणात. सामूहिक वनहक्काचा दावा करताना गाव वनोपज कोठून गोळा करीत आले, याचा पुरावा मांडावा लागतो. तेथे वृद्धांचे जबाब चालतात, सरकारी नोंदी चालतात. आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे घामट कार्डही बोलू लागते. ते जपून ठेवणाऱ्या घराला पूर्वी ते कशासाठी जपतो हे सांगता आले नसते.

८

मग अशा साधनांचा संग्रह करावयाचा काय? करावयास हवा, यात शंका नाही. धातूचा बिल्ला शंभर वर्षे टिकतो. वाळवीच्या आणि गळक्या कौलांच्या प्रदेशात कागद दहा पावसाळे काढील तर पुष्कळ. विद्यापीठांच्या इतिहास आणि मराठी विभागांनी हे काम हाती घेतले नाही तर पुढील पिढीला या श्रमाविषयी फक्त लिलावाच्या रकमा मिळतील. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. झाडीबोलीच्या आणि झाडीपट्टी रंगभूमीच्या अभ्यासकांनी बोलीतील शब्द आणि नाटके जमविण्याचे काम आधीच केले आहे. त्याच वाटेने फळीवरचे शब्द, मोजण्याच्या रीती, कार्डे आणि वह्या यांची नोंद व्हावयास हरकत नाही.

तथापि एक पथ्य सांगितल्यावाचून राहवत नाही. संग्राहकाची सहजप्रवृत्ती मूळ वस्तू घेऊन येण्याची असते. राजवाड्यांनी दप्तरे आणली नसती तर ती पुड्या बांधण्यात गेली असती, हे खरे. पण तेंदूचे कार्ड अजून जिवंत कागद आहे. त्यावर कुणाचा तरी हक्क अडकलेला असू शकतो. ते आम्ही आमच्या पेटीत घातले तर ताळ्याचे एक अर्धुक आम्हीच नाहीसे केले असे होईल, आणि वर त्याचे कौतुकही करून घेऊ. म्हणून छायाचित्र आपण घ्यावे, कार्ड घरी राहू द्यावे. शक्य असेल तेथे त्याची एक स्वच्छ प्रत ग्रामसभेच्या दप्तरी लावावी. आणि कोऱ्या रकान्यांविषयी घरातील म्हातारीला विचारून तिचे उत्तर तिच्या बोलीत, तिच्या परवानगीने, तारखेसह उतरवून घ्यावे. विद्यार्थ्यांनी एका हंगामात एका गावातील दहा घरांचे एवढे काम केले, तरी त्यातून उभे राहणारे साधन एखाद्या प्रबंधापेक्षा अधिक टिकाऊ ठरेल.

मोजणीच्या इतिहासात मोजणी थांबविण्याचा निर्णयही येतो, तो सांगून थांबतो. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या छोट्या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूच्या विक्रीतून गावाला उत्पन्न मिळू लागल्यावर ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे बंद करण्याचे ठरविले. पानांसाठी होणारी छाटणी आणि लावली जाणारी आग यांनी जंगलाचे नुकसान होते आणि विडीने माणसाचे, अशी त्यांची कारणे. छाटणी थांबली तेव्हा टेंभुर्णीची झाडे वाढली आणि त्यांना फळे धरू लागली.

ती फळे पोरे खातात, पाखरे खातात. त्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही, आणि ती कुणी ठेवावी असे पाचगावालाही वाटत नाही. मात्र ज्या ठरावाने हे घडले तो ठराव ग्रामसभेच्या वहीत लिहिलेला आहे. कोणते मोजावयाचे आणि कोणते मोजावयाचे नाही, हे या गावाने स्वतः ठरविल्याचा तो लेख आहे. तेंदूच्या साधनांचा संग्रह कधी सिद्ध झालाच, तर शेकडो कार्डांच्या शेवटी त्या पानाचीही एक प्रत असावी.